नियमात न बसणारा चहा

आमच्या घरी चहात साबुदाणा पडला, त्याला माझ्या सासरेबुवांचा डावा डोळा कारणीभूत झाला. त्या डोळ्यातला मोतीबिंदू ऐन मे महिन्यात पिकला नसता, तर ते परभणीला मुक्कामी आले नसते. आणि ते आले नसते, तर पाटबंधारे खात्यातला एक निरुपद्रवी कारकून एवढीच माझी गल्लीत ओळख राहिली असती. आता ती तशी राहिलेली नाही. अजूनही उन्हाळ्यात कुणीतरी भेटतं आणि विचारतं, "काय साहेब, यंदा चहात काय टाकायलात?"

सासरे म्हणजे चारठाण्याचे आश्रुबा. मी त्यांना मामा म्हणायचो. नर्मदा, माझी बायको, अण्णा म्हणायची. मामा फार कमी बोलायचे आणि जे बोलायचे ते पाळायचे. त्यांनी पाळलेल्या गोष्टींमध्ये आमच्याकडे घरोघर असतो तो नियमही होता: लेकीला मूल होईपर्यंत बापानं तिच्या घरचं अन्नपाणी घ्यायचं नाही. बहुतेक घरांत हा नियम फार काळ टिकत नाही. बारशाच्या घुगऱ्यांबरोबर तो आपोआप सुटतो आणि त्यानंतर बाप इतका जेवतो की लेकीला नियम परवडला होता असं वाटू लागतं. आमच्या घरी तो सुटला नव्हता. लग्नाला इतकी वर्षं झाली होती की नातेवाईक विचारायचेसुद्धा थांबले होते, आणि त्यांचं ते थांबणं विचारण्यापेक्षा जास्त टोचायचं.

औरंगाबादच्या डॉक्टरीणबाईंनी आम्हा दोघांना समोर बसवून काय ते स्पष्ट सांगितलं होतं. आम्ही ते कुणाला सांगितलं नव्हतं. म्हणजे मामांचा नियम आता कधीच सुटणार नाही, हे फक्त नर्मदेला आणि मला माहीत होतं.

एरवी मामा बाजारहाटाला यायचे तेव्हा ओसरीवर टेकायचे, पिशवीतून शेंगा काढून द्यायचे, लेकीकडे बघत बसायचे आणि पाण्याचा तांब्या पुढे आला की हात जोडून उठायचे. "येतो बाई, गाडी हाय." गाडी नसायची. ते स्टँडवर जाऊन नळाला तोंड लावायचे आणि बाकावर बसून राहायचे. पण या वेळी मोतीबिंदूचं ऑपरेशन होऊन डोळ्याला पट्टी होती. उन्हात जायचं नाही, वाकायचं नाही, खोकायचं नाही, कशालाही जोर लावायचा नाही, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. त्यामुळे ते आमच्या ओसरीवर राहिले, आणि त्यांचं जेवण शेजारच्या कडूबाईंकडून येऊ लागलं.

कडूबाई या रेल्वेतून निवृत्त झालेल्या गार्डसाहेबांच्या पत्नी. सगळा संसार पूर्णा जंक्शनच्या क्वार्टरात झालेला. त्यामुळे असेल, पण कोणता उपास कधी सुरू होतो, कुठे सुटतो आणि मध्ये कुठे थांबायची मुभा आहे, हे त्यांना तोंडपाठ होतं. गल्लीतली कोणतीही धार्मिक अडचण त्यांच्याकडे जायची. स्वयंपाकाची मात्र त्यांना देणगी नव्हती. वरणात मीठ टाकलं की नाही हे त्या विसरायच्या आणि खात्रीसाठी पुन्हा टाकायच्या. ते वरण नर्मदेच्या दारावरून ओसरीवर जायचं आणि मामा म्हणायचे, "झकास झालंय." आत नर्मदा रिकामी पातेली उगाच घासत बसायची.

तिनं तिच्या परीनं करून पाहिलं. दूध नेलं, तर मामा म्हणाले, "दूध लेकराच्या तोंडचं असतंय बाई, ऱ्हाऊ दे." बाहेरून सरबताची बाटली आणवली, तर म्हणाले, "आणली कुणी? जावईबापूनं. म्हंजे घरचीच की." एका दुपारी कपड्यांच्या घड्या करता करता ती मला म्हणाली, "अहो, माझ्या घरात त्यांनी एकदा घोटभर काहीतरी घ्यावं. मला दुसरं काही नको." एवढं बोलून तिनं माझा शर्ट अशी घडी घालून ठेवला की तो नंतर इस्त्रीलाही सरळ झाला नाही.

त्या संध्याकाळी समोरचे भुजंगराव मामांच्या डोळ्याची चौकशी करायला आले. भुजंगराव कृषी विद्यापीठात टोमॅटोवर काम करायचे आणि त्या टोमॅटोच्याच कृपेने तैवानला प्रशिक्षण घेऊन आले होते. तेव्हापासून त्यांच्याशी कोणताही विषय काढा, तो फिरून तैवानला जायचा. डोळ्याचा विषयही गेला. तिथून उकाड्यावर आला, आणि मग ते म्हणाले, "तिथं लोक चहा थंड पितात. बर्फ घालून. आणि तळाशी साबुदाण्यासारखे मोठाले काळे मणी टाकतात. जाड नळीनं ओढायचं. चहा प्यायचा आणि मणी चावायचे."

"म्हणजे ते पितात का खातात?" मी विचारलं.

"तेच तर," भुजंगराव म्हणाले. "सांगता यायचं न्हाई."

सरकारी नोकरीत मी एक गोष्ट शिकलो आहे. परिपत्रकात ज्या वस्तूचं नाव नाही तिला परिपत्रक लागू होत नाही. आमच्या भांडारात एक परदेशी पंप याच कारणानं ना दुरुस्तीला जातो ना भंगारात. तो कोणत्याच नियमात बसत नाही, म्हणून सुखाने बसून आहे. ज्या कुणी लेकीच्या घरच्या अन्नपाण्याचा नियम केला, त्यानं हा चहा पाहिलेला असणं शक्य नव्हतं. मी उठलो आणि थेट कडूबाईंकडे गेलो.

"साबुदाणा अन्न आहे का?" मी विचारलं.

कडूबाईंनी माझ्याकडे कीव आल्यासारखं पाहिलं. "अन्न असतं तर एकादशीला चाललं असतं का?"

"आणि चहा? चहा म्हणजे पाणी का?"

"निर्जळीला मी चहा घेते," त्या जरा दुखावून म्हणाल्या. "पाणी असतं तर घेतला असता व्हय?"

म्हणजे साबुदाणा हे अन्न नव्हे आणि चहा हे पाणी नव्हे. दोन्ही एकत्र केले तर जे होईल त्यात अन्नही नाही आणि पाणीही नाही. इतका स्वच्छ निष्कर्ष माझ्या नोकरीत मी कधी काढला नव्हता. कडूबाईंनी वर दोन अटी घातल्या. चहात आणि साबुदाण्यात जे काही पाणी लागेल ते त्यांच्या हौदातलं घ्यायचं, आणि कुठेही धान्याच्या पिठाचा हात लागू द्यायचा नाही, कारण कणभर जरी ज्वारी लागली तर ते अन्न झालं. मी आनंदानं घरी येऊन नर्मदेला हे सगळं सांगितलं. तिनं शांतपणे ऐकून घेतलं.

"मग त्यात माझ्या घरचं काय उरलं?" तिनं विचारलं.

"हात," मी म्हणालो. उत्तर मला तेव्हा फार चांगलं वाटलं होतं. तिला तसं वाटलं नाही हे तिच्या तोंडावर दिसत होतं, पण तिनं साबुदाण्याचा डबा काढला.

पहिला प्रयोग साबुदाणा भिजवण्यापासून सुरू झाला, आणि तिथेच फसला. मराठी घरात साबुदाणा हातात आला की तो भिजतो. त्यात विचार करण्यासारखं काही आहे असं कुणाला वाटत नाही. नर्मदेनं तो भिजवला, कडूबाईंनी बोटानं दाबून "झाला" म्हणून सांगितलं, आणि मी तो उकळत्या चहात सोडला. थोड्याच वेळात पातेल्यात एकजीव, तपकिरी, चकाकणारी खळ तयार झाली. चमचा उभा केला तर तो उभा राहिला. भुजंगराव आले, पातेल्यात वाकून पाहिलं आणि म्हणाले, "भिजवायचा नसतो. कोरडाच उकळत्या पाण्यात टाकायचा." हे आधी का सांगितलं नाही, असं मी विचारलं. त्यावर ते म्हणाले, "तुमी भिजवाल असं मला कुठं माहीत?" टाकून द्यायला नको म्हणून कडूबाईंनी ती खळ नेली. दुसऱ्या दिवशी गार्डसाहेब कडक, चहाच्या रंगाचं धोतर नेसून देवळात निघालेले मी पाहिले. त्यांनी माझ्याकडे बघणं टाळलं.

दुसऱ्या प्रयोगात साबुदाणा कोरडाच टाकला आणि तो फुटला नाही, पण दाणा बारीक. भुजंगरावांच्या मते मणी बोराएवढा हवा, नाहीतर चावण्याचा प्रश्नच येत नाही, आणि चावणं नसेल तर तो नुसता चहा. कायद्याच्या दृष्टीनं हा मुद्दा मला पटला. तेव्हा साबुदाण्याचं पीठ करून, गुळाच्या पाकात मळून, गोळ्या वळायचं ठरलं. मी पिशवी घेऊन गिरणीत गेलो.

"उपासाचं दळण सोमवारी," गिरणीवाला म्हणाला.

"मला उपास नाही."

"मग साबुदाणा कशाला दळायलात?"

आजच ज्वारीच्या दगडावर दळून दे, असं मी म्हणणार होतो, तेवढ्यात दुसऱ्या रांगेतून कडूबाई म्हणाल्या, "ज्वारीवर दळलं की अन्न झालं बरं का." शेवटी मी घरी खलबत्त्यात कुटायला बसलो. उन्हाळ्याची दुपार, अंगात बनियन, अंगभर पांढरी भुकटी, आणि ओसरीवर मामा. पट्टी नसलेल्या डोळ्यानं ते माझ्याकडे बघत होते. बऱ्याच वेळानं म्हणाले, "जावईबापू, नोकरी सुटली का?"

गोळ्या वळायला गल्लीतल्या बायका आल्या. पापडाला जमतात तशा जमल्या आणि बोलणंही पापडाचंच चाललं. नर्मदेनं वळलेल्या गोळ्या सगळ्यांत सारख्या होत होत्या. एक बाई सहज म्हणाली, "हात लय गोड हाय गं हिचा," आणि मग एकदम सगळ्याजणी आपापल्या हातातल्या गोळीकडे बघू लागल्या. पुढचं, लेकराचं वाक्य सगळ्यांच्या मनात एकच असावं. नर्मदेनं मान वर केली नाही, गोळ्या वळत राहिली.

राहता राहिली नळी. आमच्या भांडारात ठिबक सिंचनाच्या पाइपाचे नमुने पडले होते. त्यातला वीतभर तुकडा मिळावा म्हणून मी रीतसर मागणीपत्र भरलं. प्रयोजनाच्या रकान्यात 'प्रवाह चाचणी' असं लिहिलं. उपअभियंता साहेबांनी मला आत बोलावलं.

"कसल्या प्रवाहाची चाचणी?"

"द्रवाच्या, साहेब."

"कोणत्या द्रवाच्या?"

खोटं बोलण्याची मला सवय नाही. "चहाच्या," मी म्हणालो.

साहेबांनी पंख्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं आणि फार मायेनं म्हणाले, "ऊन लय व्हायलंय. घरी जा तुमी." दुसऱ्या दिवशी कचेरीत मला दोघांनी कांदा खिशात ठेवायचा सल्ला दिला.

पाइपाचं हुकलं म्हटल्यावर भुजंगरावांनी पपईच्या पानाचा देठ सुचवला. पोकळ असतो, जाड असतो, लहानपणी आम्ही सगळ्यांनी त्यातून पाणी ओढलेलं आहे. देठ कापला, चहाच्या पेल्यात बुडवला आणि चाचणीसाठी मीच पुढे झालो. आधी तोंडात कडूजहर चीक आला, मग ओठांना खाज सुटली, आणि चहातलं दूध माझ्या डोळ्यांदेखत फाटून वर चोथा आणि खाली पाणी असं वेगळं झालं. "पपईच्या चिकानं दूध फाटणारच," भुजंगराव म्हणाले. हा माणूस विद्यापीठात शास्त्रज्ञ होता. मी त्या दिवशी त्यांच्याशी पुन्हा बोललो नाही. एक तर रागानं, आणि दुसरं म्हणजे ओठ सुजले होते म्हणून. तेवढ्यात कडूबाईंना आठवलं की नळीनं ओढणं म्हणजे जोर लावणंच, आणि डॉक्टरांनी जोर लावू नका सांगितलंय. म्हणजे नळीचा सगळा उपद्व्याप फुकट गेला होता. चमच्यानं देता येणारच होतं.

इतक्यात मामांची पट्टी सुटली. काळा चष्मा आला आणि ते गावी निघाले. पिशवी भरून ओसरीवर ठेवली. पण मराठवाडा विद्यापीठाच्या नामांतरावरून त्या दिवशी बंद होता, स्टँडवरून एकही गाडी सुटत नव्हती. मामा पुन्हा खांबाला टेकून बसले. नर्मदा माझ्याकडे बघून म्हणाली, "आज." एवढंच म्हणाली. मी सायकल काढली.

बर्फ मिळवणं ही निराळीच कथा आहे. लग्नसराईत बर्फ कारखान्यातला बर्फ नवरदेवांच्या पंगतीला जातो, कारकुनांना मिळत नाही, त्यात बंद. मागच्या दारानं, ओळख काढून, पोत्यात गुंडाळलेली लादी मिळाली. बर्फ हे पाणीच आहे, ही शंका मला वाटेत आली, पण ते कारखान्याचं पाणी होतं, लेकीच्या घरचं नव्हतं, असं मी सायकलवरच ठरवून टाकलं. घरी पोहोचेपर्यंत लादीची वीट झाली होती आणि माझी पँट एका बाजूनं ओली. गल्लीत ज्यांनी पाहिलं त्यांनी काय समज करून घेतला असेल तो घेतला.

नर्मदेचा चहा तयार होता. माठाजवळ गार करत ठेवलेला. तिनं काचेच्या पेल्यात तळाशी शिजवलेल्या गोळ्या घातल्या, वर चहा ओतला, बर्फाचे खडे टाकले. खरं सांगतो, सुरेख दिसत होता. खाली काळेभोर मणी, वर बदामी रंगाचा चहा, काचेवर बाहेरून दव धरलेलं. ती पेला आणि चमचा घेऊन ओसरीवर आली आणि मामांच्या समोर उभी राहिली. कडूबाई दारात, भुजंगराव पायरीवर. मी घसा साफ केला आणि बाजू मांडायला सुरुवात केली. साबुदाणा अन्न का नाही, चहा पाणी का नाही, पाणी कडूबाईंच्या हौदाचं कसं, बर्फ कारखान्याचा कसा, दळण ज्वारीच्या दगडावर का नाही. आणि मुळात ज्या पदार्थाला पूर्वजांनी पाहिलंच नाही त्याला त्यांची मनाई कशी लागू होईल. कचेरीत माझी टिपणी इतकी मुद्देसूद असती तर मी आज अधीक्षक असतो.

मामांनी सगळं ऐकून घेतलं. काळ्या चष्म्याआड डोळे दिसत नव्हते.

"जावईबापू, तुमचं समदं बरोबर हाय," ते म्हणाले. "पर मी काय पापाला भिऊन बसलोय व्हय? म्या देवाला बोललेलो हाय. नातवाचं तोंड पाहिल्याबिगर हिच्या घरचं घेणार न्हाई. मी आज घोटभर घेतला, तर देवाला वाटंल, आश्रुबानं नाद सोडला. हितं मी न्हाई म्हणायलोय, ते हिच्यासाठीच म्हणायलोय."

इतकी वर्षं हा माणूस आमच्या ओसरीवरून तहानलेला उठून जात होता, ते आमचा पाणउतारा करायला नव्हे; तो आमच्या वतीनं देवापुढे धरणं धरून बसला होता. मला फार वाईट वाटलं. मी नर्मदेकडे पाहिलं. मला वाटलं, आता ती पेला घेऊन आत जाईल.

ती गेली नाही. खाली बसली.

"अण्णा, यांनी सांगितलं ते खरं न्हाई," ती म्हणाली. "हौदाचं पाणी मी वतून दिलं. ह्या चहात पाणी मपल्या घरचं हाय. माझ्या माठातलं."

कडूबाईंनी दारात "अगं बाई" म्हणून तोंडाला पदर लावला. नर्मदेनं तिकडे पाहिलं नाही.

"आन् मला लेकरू होणार न्हाई, अण्णा. औरंगाबादच्या डॉक्टरीणबाईनं सांगितलंय. आमाला लय दिवसांपासून माहीत हाय, तुमालाच सांगायची हिंमत झाली न्हाई. आता तुमी देवाला अडवून धरू नका. मी हाय की. मी काय कुणाची आई झाल्यावरच तुमची लेक व्हणार हाय का?" तिनं पेला त्यांच्या हातात दिला, त्यांची बोटं स्वतःच्या बोटांनी त्याभोवती मिटली. "घ्या. चहा गरम व्हायलाय."

भुजंगरावांना या वेळी तैवान आठवलं नाही. मामा पेला हातात धरून बसले. बर्फ विरघळत होता आणि पाणी त्यांच्या मनगटावरून धोतरावर टपकत होतं. मग त्यांनी चष्मा काढला, डॉक्टरांनी पुसू नका सांगितलेला डोळा उपरण्यानं हलकेच टिपला आणि चमचा उचलला.

पहिला मणी ते बराच वेळ चावत होते. दात थोडेच होते आणि आमच्या गोळ्या, खरं सांगायचं तर, दगडासारख्या झाल्या होत्या. पण त्यांनी सगळ्या खाल्ल्या. चहा संपवला, पेला तिरका करून तळाशी चिकटलेली शेवटची गोळी चमच्यानं काढून तीही खाल्ली. कडूबाईंच्या वरणाला म्हणायचे तसं "झकास" मात्र म्हणाले नाहीत.

"गूळ लय पडलाय गं," ते नर्मदेला म्हणाले. "घसा बसला माझा. पाणी आण."

ती आत गेली आणि तांब्या काठोकाठ भरून घेऊन आली. वाकायचं नाही, मान मागे टाकायची नाही, असं सांगितलेलं होतं. म्हणून त्यांनी ताठ बसून, दोन्ही हातांनी तांब्या धरून, सावकाश घोट घोट करत तो सगळा रिकामा केला. मग तो तसाच तिच्यापुढे धरला.

"आनखी आण," ते म्हणाले.